बिनओळखीची मॅडम

भोकरदनमध्ये कुणी नुसतं उठून डॉक्टरकडे जात नाही. आधी ओळख काढावी लागते. डॉक्टरचा कंपाउंडर आपल्या साडूच्या गल्लीतला निघतो, नाहीतर डॉक्टरच्या सासऱ्याने कधीकाळी आपल्या चुलत्याकडून बैल नेलेला असतो. शोधलं की काहीतरी सापडतंच. मग फोन जातो, "आपलं माणूस येऊन राह्यलं, जरा बराबर बघा," आणि पेशंट पोचायच्या आधी त्याची अर्धी कहाणी डॉक्टरच्या टेबलावर जाऊन बसलेली असते. यात वाईट काही नाही. ओळखीने नंबर लवकर लागतो, डॉक्टर दोन शब्द जास्त बोलतो, आणि मुख्य म्हणजे आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. हाडाच्या, डोळ्याच्या, दाताच्या डॉक्टरपर्यंत ही पद्धत झकास चालते. सालेहाच्या बाबतीत मात्र या पद्धतीने चांगलाच घोळ घातला.

सालेहा म्हणजे आमेर मोटारवाल्याची बायको. जालना रोडवर आमेरचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात, तो त्या खोलतो, आतली काळी पडलेली तार काढून नवी भरतो आणि मोटार पुन्हा चालू करून देतो. माणूस सरळ, बोलका, बायकोवर जीव टाकणारा. एकुलती मुलगी लग्न होऊन परभणीला गेलेली. घरात दोघंच उरलेली, कारण आमेरची आई, अनवरी अम्मी, मागच्या वर्षी वारल्या.

वारण्याआधी पाच-सहा वर्षं त्या खाटेवर होत्या. लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, राहिला तो डावा हात, आणि त्या हाताने खाटेच्या लोखंडी दांडीवर स्टीलचा पेला आपटायचं काम. पेला वाजला की सालेहाने धावायचं. कूस बदलायची, अंग पुसायचं, कपडे बदलायचे, चमच्याने भरवायचं, आणि भरवलेलं थुंकलं की पुन्हा भरवायचं. अम्मी दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीदेखील प्यायच्या नाहीत. नणंदा यायच्या, आईच्या पायाशी बसून रडायच्या, बिर्याणी खायच्या आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी जायच्या. त्या काळात सालेहा माहेरी गेली नाही, कुणाच्या लग्नात जेवायला बसली नाही, आणि एकदाही तिने गरम चहा प्याला नाही. कप तोंडाला लावला की पेला वाजायचा.

ज्या दिवशी अम्मी गेल्या त्या दिवशीची गोष्ट सालेहाने कुणालाच सांगितलेली नव्हती. दुपारची वेळ. आमेर दुकानात. एका शेगडीवर अम्मींची पातळ खिचडी रटरटत होती, दुसरीवर सालेहाचा चहा उकळत होता. खिचडीची वाटी घेऊन ती आत गेली तर अम्मी गेलेल्या होत्या. तिने नाकाशी बोटं धरली, मनगट दाबून पाहिलं. इतक्या वर्षांत तेवढं तिला कळू लागलं होतं. मग ती परत स्वयंपाकघरात आली. चहा गाळला. कपबशी घेऊन खाटेजवळच्या स्टुलावर बसली आणि तो चहा तिने सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याला. गरम चहा. कुणी पेला वाजवला नाही. तिच्या अंगातून काहीतरी सुटत गेलं आणि तिला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचीच भीती वाटली. कपबशी विसळून जागेवर ठेवली आणि मग तिने आमेरला फोन केला.

पुढे जे झालं त्याला कौतुक म्हणतात. मय्यतीला आलेल्या बायकांनी तिला उराशी धरलं. बहू असावी तर अशी, असं जो तो म्हणू लागला. गल्लीत कुणाचं लग्न झालं की नव्या सुनेला सालेहाकडे सलामाला पाठवायची रीतच पडली. आमेर तर दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मोटार दाखवता दाखवता सांगायचा, "माझ्या अम्मीला हिनं फुलासारखं ठेवलं, भाऊ." गिऱ्हाईक मान हलवायचं, घरी जाऊन बायकोला ऐकवायचं. भोकरदनच्या निम्म्या बायका तेवढ्यासाठी सालेहावर मनातून चिडून असतील. प्रत्येक कौतुकासरशी सालेहाच्या घशात तो चहा वर यायचा.

अम्मींचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि सालेहाची झोप गेली. छाती भरून यायची, श्वास अर्ध्यात अडकायचा. भांडी घासताना कुठे स्टील वाजलं की ती हातातलं टाकून आतल्या खोलीकडे पळायची, रिकाम्या खाटेपाशी जाऊन उभी राहायची. आमेरने दोनदा पाहिलं आणि तो ओक्साबोक्शी रडला. बायको अम्मीच्या दुःखात झुरते आहे, हे त्याने त्याच दिवशी ठरवून टाकलं. आमेरचं एकदा ठरलं की ठरलं.

तिथून डॉक्टरांची वारी सुरू झाली. आपल्याकडे पेशंट दवाखान्यात एकटा जात नाही आणि गेला तरी बोलत नाही. बोलायचं काम सोबतच्या माणसाचं. पेशंटने जीभ दाखवायची, ती वापरायची नाही. भोकरदनच्या डॉक्टरने कार्डिओग्राम काढला, हृदय ठणठणीत निघालं, गॅसच्या गोळ्या मिळाल्या. मग जालन्याचे मनाचे डॉक्टर. त्यांच्याकडे ओळख आमेरच्या मोठ्या भावाने, महेमूदभाईंनी काढली. महेमूदभाई संभाजीनगरला कापडाचे व्यापारी. ओळख काढण्यात त्यांचा हात धरणारा मराठवाड्यात सापडणं कठीण. डॉक्टरांनी विचारलं, काय होतं. आमेरने सांगितलं, "सर, आमची अम्मी गेली. हिनं लई केलं तिचं. त्या धक्क्यातून निघून न्हाई राह्यली." डॉक्टरांनी सालेहाकडे पाहिलं. सालेहाने आमेरकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने मान खाली घातली, डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. गोळ्यांनी झोप यायची, पण ती झोप अंगावर कुणी पोतं टाकावं तशी यायची, आणि उठल्यावर श्वास पुन्हा होता तिथेच अडकायचा.

सालेहाला काय हवं होतं ते तिला पक्कं माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. अम्मी गेल्या आणि मला बरं वाटलं. जगातल्या एका माणसासमोर हे मोठ्याने म्हणायचं आणि समोरचा काय करतो ते पाहायचं. पण ज्या ज्या खोलीत ती जायची तिथे आमेर आधीच बसलेला असायचा, हात जोडून, तिच्या दुःखाची बाजू मांडत. तो दुष्ट असता तर सोपं होतं. दुष्ट माणसासमोर निदान रागाने तरी बोलता येतं. याच्यासमोर ती काय बोलणार होती?

गोळ्यांनी भागत नाही म्हटल्यावर महेमूदभाईंनी नवीन शोध लावला. गोळ्या न देणारी, नुसतं बोलून बरं करणारी बाई हवी, आणि ती आपल्यातली हवी, आपल्या जबानमध्ये बोलणारी हवी. मनातलं दुःख परक्या भाषेत कसं निघणार? मुद्दा कुणालाही पटावा असा होता. संभाजीनगरला त्यांच्या बायकोच्या ओळखीत मदीहा बाजी म्हणून होत्या. शिकलेल्या, पोक्त, आवाज लोण्यासारखा. फोन झाला. सगळं व्यवस्थित सांगून झालं. भोकरदनहून दोघं निघाली तेव्हा सालेहाच्या मनात खरोखर आशा होती.

आणि मदीहा बाजींनी पहिलीच गोष्ट काय केली, तर आमेरला बाहेर बसवलं. दार लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सालेहा कुणासमोर तरी एकटी बसली. बाजींनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आपके बारे में बहुत सुना है. ऐसी खिदमत आजकल कौन करता है."

झालं. खोलीत आमेर नव्हता, पण त्याचं बोलणं त्याच्या आधी येऊन खुर्चीवर बसलेलं होतं. तरीही सालेहाने तोंड उघडून पाहिलं. शब्द येईनात. सासूविषयी बोलायला तिच्याजवळ उर्दूत जे काही होतं ते सगळं अदबीचं आणि दुवेचं होतं. त्याच जबानमध्ये ती अम्मींसाठी रोज मगफिरत, अल्लाची माफी, मागत होती, त्याच जबानमध्ये गल्ली तिला जन्नती म्हणत होती. त्यात 'मला बरं वाटलं' हे कुठे बसवायचं तेच तिला कळेना. ती फक्त रडली. बाजींनी रडू दिलं, पाणी दिलं. बाजी चांगल्याच होत्या, दुसऱ्या पुष्कळ जणींना त्यांनी बरं केलं असेल. संध्याकाळी महेमूदभाईंचा फोन आला की सालेहा भरपूर रडली म्हणे, छान झालं, आता मोकळी होईल. सालेहाने त्यानंतर बाजींकडे जायचं नाव काढलं नाही. एवढी मोठी ओळख काढून दिली आणि हिला पटत नाही, म्हणून महेमूदभाई थोडे नाराज झाले.

मग एका मंगळवारी गोळ्या संपल्या. जालन्याचे डॉक्टर कुठल्याशा लग्नाला गेलेले, दवाखाना बंद. आमेर तिला घेऊन जालन्याच्याच सरकारी दवाखान्यात गेला; तिथे त्याच गोळ्या मिळतात असं कुणीतरी सांगितलं होतं. इथे मात्र आमेरची पंचाईत झाली. ओळखच निघेना. दाराशी बसलेला शिपाई अंतरवाली सराटीचा निघाला. आमेरने तिकडच्या दोन-तीन मोटारीवाल्या शेतकऱ्यांची नावं घेऊन पाहिली, पण शिपाई त्यांतल्या कुणाला ओळखत नव्हता आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. आतल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि शेजारी बोट केलं. आधी मॅडमपाशी बसून या.

शेजारी म्हणजे प्लायवूड लावून केलेली खोली. आत जान्हवी मॅडम, पेशंटशी बोलायला नेमलेली समुपदेशक. तिशीची बाई, नाक गळत होतं, हातात रुमाल, टेबलावर अर्धा खाल्लेला शेंगदाण्याचा लाडू. आमेर सवयीने पुढच्या खुर्चीवर बसला आणि सुरू झाला, "मॅडम, असं झालं की आमची अम्मी..."

"पेशंट तुम्ही का?" मॅडमने विचारलं.

"न्हाई, ही. पण हिला मराठी एवढं बोलता येत न्हाई. आमच्या घरात उर्दू चालते. मी सांगतो सगळं."

"येतं मला," सालेहा म्हणाली.

आमेरने वळून पाहिलं. त्याचं चुकत नव्हतं. सालेहा अंकुशनगरची. वडील साखर कारखान्यात कामाला, कॉलनीत शाळा एकच आणि ती मराठी. दहावीपर्यंत ती त्याच शाळेत शिकली, कविता पाठ म्हणायची, निबंधात पहिली यायची. लग्न होऊन भोकरदनला आली आणि अम्मींनी पहिल्याच आठवड्यात सुनावलं की घरात बाजारची भाषा नको. तेव्हापासून सालेहाचं मराठी भाजीवालीपुरतं उरलं होतं. आमेरला ते आठवण्याचं काही कारणच पडलेलं नव्हतं.

मॅडम म्हणाली, "मंग तुम्ही बाहेर बसा, दादा," आणि नाक पुसलं. आमेर काही क्षण घुटमळला. ओळख असती तर त्याने आग्रह केला असता. नव्हती, म्हणून उठला.

मॅडमला काहीच ठाऊक नव्हतं. तिने कोरा कागद पुढे ओढला आणि विचारलं, घरी कोण कोण असतं. सालेहाने सांगितलं, नवरा आणि मी. सासू होती, ती वारली.

"कशी होती सासू?"

वर्षभरात शेकडो माणसं अम्मींविषयी बोलून गेली होती. कशी होती हे एकानेही विचारलं नव्हतं.

"कडक होती," ती म्हणाली. "मी मराठी शाळेतली म्हणून माझ्याशी धड बोलत नव्हती. मंग लकवा झाला, तर माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी पेईना. मला एक पाऊल हलू दिलं न्हाई." थांबली, आणि मग थांबता येईना. "मॅडम, ती मेली तवा मी आधी चहा पेले. तिच्याजवळ बसून. सगळा चहा पेले आणि मंग फोन केला."

बाहेर कुणाचं तरी लेकरू रडत होतं. मॅडमने लिहिणं थांबवलं. सालेहा वाट पाहत होती, आता ही बाई काय करते. दचकेल, समजूत घालेल, नाहीतर असं बोलू नये म्हणेल.

"कसा झाला होता चहा?" मॅडमने विचारलं.

"चांगला," सालेहा म्हणाली. "लई चांगला झालता." आणि ती इतकी रडली की बाहेरून आमेरने दोनदा दार वाजवलं.

त्या दिवसापासून मंगळवार लागला. दर मंगळवारी भोकरदन ते जालना एसटीने जायचं, आमेरने बाहेर बाकावर बसायचं, सालेहाने आत बोलायचं. मराठीत बोलायचं. त्या भाषेत कधी कुणी तिला जन्नती म्हटलं नव्हतं. त्यात ती सासूला थेट सासू म्हणू शकत होती, तिचा राग आला होता म्हणू शकत होती, आणि हळूहळू हेही म्हणू शकली की शेवटी शेवटी तिची दयाही यायची, एवढी हुकमी बाई आणि एका चमच्यासाठी माझ्या तोंडाकडे बघायची. मॅडम फार काही बोलायची नाही. कधी जांभई द्यायची. एकदा डबा खाता खाताच ऐकलं. पण जे ऐकलं ते तिने जसंच्या तसं ठेवलं, त्याला साखर लावली नाही. सालेहाला दुसरं काही नको होतं.

दोन-अडीच महिन्यांत ती झोपू लागली, गोळीशिवाय. स्टील वाजलं तरी हातातलं काम सुटेना. एकदा भाजी निवडताना ती आपल्याशीच गुणगुणली आणि आमेरने ते ऐकलं. तो खुलला. मशिदीतून येताना मिठाई घेऊन आला. मग म्हणाला, "अल्ला का शुकर, ठीक हो गई तू. अब जालना जाने की क्या जरुरत? दुकान में मोटारां आके पड़े हैं, मंगल पूरा बेकार जा रहा."

सालेहा बरी झाली होती हे खरं होतं. पण बरी झाली ती त्या खोलीच्या जोरावर. आठवडाभर गल्लीतलं कौतुक, नव्या सुनांचे सलाम, आमेरचं 'फुलासारखं ठेवलं' हे सगळं ती गिळत होती, कारण मंगळवारी ते बाहेर टाकायची सोय होती. ती सोय गेली तर दुसऱ्याच आठवड्यात श्वास अडकेल हे तिला लख्ख दिसत होतं. एकटीने जाते म्हणावं तर भोकरदनच्या स्टँडवर ती एकटी दिसली की संध्याकाळपर्यंत महेमूदभाईंना कळणार, आणि आमेर एकटीला पाठवेलच कशाला, आजारी बाईला कोण एकटं पाठवतं, आणि बऱ्या बाईला दवाखाना कशाला. कुठूनही फिरून तेच दार बंद.

तेव्हा तिने आजारी राहायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमेरने विचारलं तेव्हा तिने सांगितलं की झोप लागली नाही. लागली होती, अगदी गाढ. ताटात अर्धी भाकरी ठेवून ती उठू लागली, मागून स्वयंपाकघरात उभ्याने उरलेली खाऊ लागली. कालवणात मीठ दुप्पट टाकलं. एक पेला मुद्दाम खाली पाडून आतल्या खोलीकडे धावली आणि खाटेपाशी उभी राहिली, आमेर येईपर्यंत. तो आला, त्याने तिला धरून बसवलं, पाणी पाजलं. सालेहाला स्वतःची किळस आली. पण मंगळवार वाचला.

मॅडमने तिच्याकडे पाहून विचारलं, "चेहरा तर चांगला दिसून राह्यला. बाहेर ते सांगून गेले, झोप न्हाई म्हणून?"

सालेहाने खरं सांगितलं. इथे तेवढंच चालायचं.

मॅडमने पेनाला टोपण लावलं. "म्हणजे इथं खरं बोलायला यायचं, त्यासाठी घरी अजून एक खोटं. किती दिवस जमल?"

"जमल तितके."

"मी तुम्हाला घरी सांगून टाका असं म्हणणार न्हाई," मॅडम म्हणाली. "तुमचं घर तुम्हाला माहीत."

जमलं ते थोडेच दिवस. नाटक चांगलं वठलं, हीच पंचाईत झाली. आमेर खचला. एवढी सुधारली आणि पुन्हा जशीच्या तशी. त्याने महेमूदभाईंना फोन केला. महेमूदभाईंनी निदान केलं की दोष मॅडमचा आहे. बिनओळखीची, सरकारी, वरून परकी. तिला आपल्या माणसाचं दुःख काय कळणार? हैदराबादहून मनाचे एक मोठे डॉक्टरसाहेब महिन्यातून एकदा संभाजीनगरला येतात, त्यांच्या सेक्रेटरीची ओळख निघाली आहे, या मंगळवारचीच वेळ घेतली आहे. आमेरने हे सोमवारी जेवताना आनंदाने सांगितलं. सालेहाने घास परत ताटात ठेवला. बरी झाली तर मॅडमची गरज नाही, बरी झाली नाही तर मॅडम कामाची नाही. तिला एकदम हसू आलं, आणि ते हसू आमेरने आजारातच धरलं.

मंगळवारी सकाळी आमेर इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला. महेमूदभाई गाडी पाठवणार होते. सालेहा शेगडीपाशी बसून राहिली. उठेना.

"चल ना," आमेर म्हणाला.

ती उर्दूत सुरुवात करणार होती. होईना. म्हणून मराठीत बोलली, आपल्या घरात, नवऱ्याशी, आयुष्यात पहिल्यांदा. "मी बरी आहे. कवाचीच बरी आहे. नाटक करून राह्यले."

आमेर तिच्याकडे दुकानात आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं पाहू लागला.

"मला जालन्यालाच जायचंय," ती म्हणाली. "त्याच मॅडमपाशी. तिथं मी जे बोलते ते तुमच्यापुढं बोलता येत न्हाई." त्याचा चेहरा पडला, पण आता मागे फिरायला जागा नव्हती. "अम्मी गेल्या तवा मी तुम्हाला लगेच फोन केला न्हवता. मला कळलं की त्या गेल्या. मंग मी चहा गाळला. त्यांच्यापाशी बसले, सगळा पेले. मला दुःख झालं न्हाई. मला बरं वाटलं. मी सुटले असं वाटलं. हे आहे माझ्या छातीत. दुसरं काय न्हाई."

बोलून झालं. आता तो ओरडेल, घराबाहेर काढेल, बहिणींना फोन लावेल. काहीही चालणार होतं. निदान एकदा, या घरात, तिच्या सासूच्या खाटेपासून चार हातांवर, खरं बोललं गेलं होतं.

आमेर खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहान लेकराच्या ठेवतात तसा.

"इतना गम लगा तेरे को," तो म्हणाला. "होश में नहीं थी तू."

"शुद्धीत होते," सालेहा म्हणाली. "बिलकुल शुद्धीत होते. साखर टाकली का न्हाई तेही आठवतं मला."

"बस. बस, मत बोल." तो तिचं डोकं थोपटत राहिला. "गम में आदमी कुछ भी बोलता. तेरे जैसी बहू... तू और ऐसा? मेरे कू मालूम नहीं क्या?"

तिने पुन्हा सांगितलं, उर्दूत सांगितलं, अडखळत, एकेक शब्द ओढून काढत. तो ऐकत होता, मान हलवत होता, रडत होता, आणि त्यातला एक शब्दही त्याच्या आत जात नव्हता. हिने अम्मींना फुलासारखं ठेवलं हे तो इतक्या लोकांना, इतक्या वेळा सांगून बसला होता की त्यातून त्याला आता बाहेर पडता येणार नव्हतं. सालेहाला एकाएकी दिसलं की या घरात ती एकटीच कोंडलेली नाही. पण त्याने तिची सुटका होत नव्हती.

आमेर उठला आणि त्याने महेमूदभाईंना फोन लावला. गाडी नको म्हणाला. हिची तब्येत फारच बिघडली आहे, भलतंसलतं बोलून राह्यली, मराठीत बोलून राह्यली. हैदराबादच्या साहेबांना पुढच्या महिन्यात पाहू, आज जालन्याच्याच मॅडमकडे न्यावं लागेल, तिलाच हिचं सगळं माहीत आहे. पलीकडून काहीतरी सुनावलं गेलं असावं. आमेर ठाम होता. "भाईजान, जितने मंगल लगे उतने लेके जाऊंगा," तो म्हणाला. "साल लगे तो साल."

स्टँडवर बस लागलेली होती. आमेरने तिला खिडकीची जागा दिली, तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली, खिडकीतून ऊन येत होतं म्हणून रुमाल लावला. पुढच्या सीटवर दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक बसलेलं होतं. त्याने विचारलं, भाभींना बरं नाही का. "अम्मीचा धक्का," आमेर हळू आवाजात म्हणाला. "अजून निघून न्हाई राह्यली त्यातून. काही पण बोलते बिचारी." गिऱ्हाइकाने वळून सालेहाकडे आदराने पाहिलं.

मंगळवार तिचा झाला होता, आता तो कुणी काढून घेणार नव्हतं. तिने रुमाल बाजूला केला आणि बाहेर पाहत राहिली. तिचं खरं ऐकून खरं मानणारं एकच माणूस जालन्याला बसलेलं होतं, आणि बस अजून वाटेतल्या राजूरलाही पोचली नव्हती.